सस्पेन्शनचे बुश बदलताय? आधी या चुका टाळा

नवे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणारे रबरी किंवा तत्सम तुकडे) टाकले आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालायला लागली, अशी तक्रार स्पोर्ट्स कारवाल्यांकडून वारंवार येते. कुणाच्या गाडीत कुरकुर सुरू होते, कुणाचं स्टिअरिंग वळणानंतर सरळ यायला तयार नसतं, तर कुणाचा महागडा बुश वर्षाच्या आत फाटतो. अशा वेळी शिव्या बुशच्या कंपनीला बसतात. प्रत्यक्षात घोळ बहुतेकदा दोन ठिकाणी झालेला असतो: त्या जागी कोणता बुश हवा याचा विचार झालेला नसतो, किंवा बोल्ट चुकीच्या अवस्थेत आवळलेला असतो. पोलो जीटी, ऑक्टाव्हिया आरएस, मिनी कूपर किंवा बीएमडब्ल्यू, गाडी कुठलीही असो, हे सगळीकडे लागू आहे.

चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळणे

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच, आणि चांगल्या गॅरेजमध्येही ती सर्रास होते.

कंपनीच्या रबरी बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला पक्कं चिकटवलेलं असतं. आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) वर-खाली होतो तेव्हा ते घसरत नाही, पिळलं जातं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जखडते आणि त्या क्षणी आर्म ज्या कोनात आहे तो बुशचा शून्य बिंदू ठरतो. दोन खांबांच्या लिफ्टवर चाकं पूर्ण खाली लोंबत असतात. तिथेच बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलं जातं आणि गाडी उभी असतानाही तसंच राहतं. त्यात रस्त्यावरचे हंप आणि खड्डे आले की पीळ आणखी वाढतो. मग रबराला कडेने चिरा जातात, गाडी किंचित उंच बसते आणि सस्पेन्शन उगाच कडक वाटतं.

योग्य पद्धत अशी. गाडी उचलण्याआधी सपाट जागेवर चारही चाकांच्या केंद्रापासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. टायरमधल्या हवेमुळे हे माप बदलत नाही, म्हणून जमिनीपासून मोजण्यापेक्षा ते भरवशाचं. नवा बुश बसवून बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवा. मग हब (चाक बसतं तो भाग) किंवा लोअर बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) याच्या खाली जॅक लावून चाक त्या लिहिलेल्या मापापर्यंत वर आणा आणि त्या स्थितीत टॉर्क द्या, म्हणजे ठरलेल्या जोराने बोल्ट आवळा. जॅक वर नेताना गाडी स्टँडवरून उचलली जातेय असं दिसलं तर तिथेच थांबा. हलक्या गाड्यांत हे हमखास होतं. अशा वेळी गाडी रॅम्पवर, गॅरेजमधल्या खड्ड्यावर किंवा चार खांबांच्या लिफ्टवर चाकांवर उभी करूनच आवळणं बरं.

लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंग) टाकणाऱ्यांनी हे दुप्पट लक्षात ठेवावं. गाडी ३० मिमी खाली आली म्हणजे सगळ्या रबरी बुशचा शून्य बिंदू चुकला. बुश बदलले नसले तरी आर्मचे बोल्ट सैल करून नव्या उंचीवर पुन्हा आवळावे लागतात. एकदा वापरायचे बोल्ट असतील तर तेही नवे घ्या.

सगळीकडे पॉलियुरेथेन

पूर्ण गाडीचा पॉलियुरेथेनचा (पीयू, रबरापेक्षा कडक प्लास्टिकसारखा पदार्थ) किट आकर्षक दिसतो, पण रस्त्यावरच्या गाडीसाठी तो क्वचितच शहाणपणाचा. रबरी बुशचा कडकपणा साधारण ५० ते ६५ शोअर ए (कडकपणा मोजायचं माप; आकडा जास्त तितका कडक) असतो. पॉवरफ्लेक्स कंपनीचा जांभळा पीयू ८० चा आणि काळा ९५ चा. काळा ट्रॅकसाठी आहे. कोईम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जाणाऱ्या गाडीत तो शोभेल. पणजीहून मडगावला रोज ये-जा करणाऱ्या गाडीत तो फक्त पाठीला आणि सबफ्रेमच्या (आर्म ज्याला जोडलेले असतात त्या खालच्या सांगाड्याच्या) ब्रॅकेटला त्रास देईल.

मात्र कडकपणापेक्षा दिशा महत्त्वाची. पीयू बुश एकाच अक्षाभोवती फिरायला उत्तम. ज्या जागी आर्म फिरतोही आणि थोडा वाकडाही होतो, तिथे तो अडकतो. मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक आर्म असलेल्या) मागच्या सस्पेन्शनमधल्या ट्रेलिंग आर्मचा (गाडीच्या लांबीच्या दिशेने असलेल्या आर्मचा) मोठा बुश याचं ठळक उदाहरण. तिथे फार कडक पीयू टाकला की मागची बाजू वळणात सलग झुकत नाही, अडखळत झुकते. चोर्ला घाटात ओल्या वळणावर मागचं चाक अचानक सुटल्यासारखं वाटण्यामागे हे कारण असू शकतं, आणि दोष मात्र टायरला दिला जातो.

पोलोसारख्या टॉर्शन बीमच्या (मागची दोन्ही चाकं एका आडव्या तुळईने जोडलेल्या) गाडीत मागचे बुश मुद्दाम तिरपे बसवलेले असतात. वळणात बीम कसा सरकावा हे तो तिरपेपणा आणि बुशमधल्या पोकळ्या ठरवतात. रबरी बुश बदलताना पोकळीची दिशा किंवा खूण जुन्याप्रमाणेच आली पाहिजे. काढण्याआधी आर्मवर पंचने खूण करा. मार्करची खूण रॉकेलने पुसताना निघून जाते.

गोव्यातल्या रस्त्यांसाठी आमचं मत सरळ आहे. अँटी-रोल बारचे (वळणात गाडीचं कलणं कमी करणाऱ्या आडव्या दांड्याचे) आणि पुढच्या लोअर आर्मचे पुढचे बुश ८० च्या आसपासच्या पीयूचे, बाकी सगळे कंपनीचे नवे रबरी. जुन्या रबराशी तुलना केली तर नवं रबरही ‘अपग्रेड’च वाटतं.

ग्रीसची कंजुषी

पीयूची कुरकुर म्हणजे कोरडा बुश. किटमध्ये आलेलं ग्रीसच वापरा, नाहीतर घट्ट, पाण्याने न धुपणारं सिलिकॉन ग्रीस. साधं पिवळं चेसिस ग्रीस पावसात टिकत नाही. बुशचं आतलं भोक, नळीचा बाहेरचा भाग आणि दोन्ही बाजूंचे गाल (ब्रॅकेटला टेकणारे सपाट भाग), तिन्ही ठिकाणी ते लागलं पाहिजे. गाल हमखास विसरले जातात आणि आवाज नेमका तिथूनच येतो.

इथे पावसाळ्यात सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो, आणि त्यासोबत जांभ्याची लाल माती सस्पेन्शनमध्ये जाऊन बसते. ती ग्रीसमध्ये मिसळली की नळी घासून निघते. म्हणून पीयू टाकलेल्या गाडीचे अँटी-रोल बारचे क्लॅम्प दिवाळीच्या आसपास एकदा उघडून पुसून पुन्हा ग्रीस करा. वर डब्ल्यूडी-४० मारलं तर आवाज दोन दिवस थांबतो, आणि उरलंसुरलं ग्रीसही धुऊन जातं.

अँटी-रोल बारचा बुश मागवताना गाडीच्या मॉडेलवर विसंबू नका. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या जाडीचे बार येतात. बुश बसतो त्याच जागी व्हर्नियरने मोजा, गंज आधी ४०० नंबरच्या पेपरने काढा. एक मिलिमीटर मोठा बुश खडखडतो, लहान असेल तर बार जखडतो.

जुना बुश काढताना

रबर जाळून काढू नका. धूर विषारी असतो, आणि आर्म ॲल्युमिनियमचा असेल तर आचेने त्याची ताकद कमी होऊ शकते. हायड्रॉलिक प्रेस आणि योग्य मापाचे कप वापरा. लेथवाल्याकडून कप बनवून घेतले तरी चालतात. दाब नेहमी बाहेरच्या नळीवर द्यायचा, रबरावर किंवा आतल्या नळीवर कधीच नाही. नवा बुश बसवतानाही हाच नियम.

पीयू टाकताना जुनी बाहेरची नळी आर्ममध्येच ठेवायची की काढायची, हे किटच्या सूचनेत पाहा. काढायची असेल तर हॅकसॉ ब्लेडने आतून एक चीर द्या आणि छिन्नीने आत दुमडा. ब्लेड आर्मच्या भोकाला लागू देऊ नका.

बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवण्याचा फार गाजावाजा होतो. गणित केलं तर ६० मिमी व्यासाची लोखंडी नळी ५० अंशांनी थंड झाल्यावर जेमतेम ०.०३ मिमी आकसते. थोडी मदत होते, पण प्रेसची जागा ती घेऊ शकत नाही. शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत बाहेर काढताच नळीवर पाणी सुटतं. ते पुसल्याशिवाय आत सरकवलं तर गंज आतच कोंडतो.

खारी हवा आणि अडकलेले बोल्ट

किनारपट्टीवरच्या गाड्यांत बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतो. नट सुटतो, बोल्ट फिरतो, पण बाहेर येत नाही. टो किंवा कॅम्बरचा (चाकाचा आतबाहेर वळण्याचा किंवा कलण्याचा कोन ठरवणारा) बोल्ट असेल तर तो कापण्याची तयारी आणि नवा बोल्ट हाताशी ठेवूनच काम सुरू करा. गॅसच्या टॉर्चची आच लावायची घाई करू नका, मागच्या बाजूला इंधन टाकी फार लांब नसते. नवा बोल्ट घालताना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं लेपन) फक्त गुळगुळीत दांड्यावर लावा. आट्यांवर लावलं तर पान्ह्यावर तोच आकडा दिसला तरी बोल्ट जास्त ताणला जातो.

ज्या बोल्टला ठरलेल्या टॉर्कनंतर आणखी ९० किंवा १८० अंश फिरवायला सांगितलं आहे, तो पुन्हा वापरू नका.

आणि मिरगाआधी गाडीखाली जळकं ऑइल फवारून घेणं बंद करा. पत्रा कदाचित वाचतो, पण खनिज तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि नळीपासून सुटतं. इंजिनचं ऑइल बुशवर ठिबकत असेल तर आधी ती गळती थांबवा, मग बुश बदला.

काम झाल्यावर

पीयू बसवलेला आर्म बोल्ट आवळल्यावर, बॉल जॉइंट सुटा असताना, स्वतःच्या वजनाने सावकाश खाली आला पाहिजे. हवेत अडकून राहिला तर आतली नळी बुशपेक्षा आखूड आहे आणि ब्रॅकेट पीयूलाच दाबतंय. अशा अवस्थेत गाडी जमिनीवर सोडू नका. उलट रबरी बुशचा आर्म जागेवर परतायला बघतो, तो दोष नव्हे.

थोडी गाडी चालवून मगच अलाइनमेंट करा, आणि मागच्या चाकांचा ‘टो’सुद्धा पाहायला सांगा. अनेक ठिकाणी फक्त पुढचा करून सोडतात. स्टिअरिंग अँगल सेन्सर असेल तर तो शून्यावर आणून घ्या, नाहीतर सरळ रस्त्यावरही ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) मध्येच लुडबुड करू शकतो. एवढं करूनही हंपवर ‘टक’ आवाज येत असेल, तर बुश पुन्हा उघडण्याआधी लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारा छोटा दांडा) आणि स्ट्रटचं (शॉक ॲब्सॉर्बरचं) वरचं माउंट हाताने हलवून बघा. आधी जुन्या बुशच्या आवाजात दबलेला त्यांचा ढिलेपणा नव्या घट्ट बुशमुळे आता ऐकू यायला लागलेला असतो.