दोनदा आलेला शब्द रेगेक्सने काढताय? या चुका टाळा

ओसीआर केलेल्या (स्कॅनवरून अक्षरं ओळखून मिळवलेल्या) किंवा घाईत टाइप केलेल्या मजकुरात ‘आहे आहे’, ‘नागपूर नागपूर’ अशा जोड्या असतातच. त्या काढायला रेगेक्सचा, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणाऱ्या चिन्हलिपीचा, नेटवरचा तयार पॅटर्न उचलला जातो: बॅकस्लॅश-बी (शब्दाची सीमा), कंसात बॅकस्लॅश-डब्ल्यू (अक्षरं), मधल्या जागेसाठी बॅकस्लॅश-एस, पुढे \1 (कंसात सापडलं तेच पुन्हा) आणि पुन्हा बॅकस्लॅश-बी. ‘घर घर’ टाकून बघितलं, चाललं, की लगेच पूर्ण फाइलवर.

सगळा घोळ त्या ‘घर घर’मध्ये आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ‘री’ मॉड्यूलचा बॅकस्लॅश-डब्ल्यू काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. ‘नागपूर’चे त्याच्या लेखी तीन तुकडे होतात: न, गप, र. ‘घर’ला काना-मात्रा नाही, म्हणून ते पास होतं.

आता हाच पॅटर्न विदर्भातल्या पत्त्यांच्या यादीवर चालवा. ‘नागपूर रोड’मध्ये ‘पू’नंतरचा र त्याला सुटा शब्द वाटतो आणि ‘रोड’मधलाही. र, जागा, र. म्हणजे पुनरुक्ती, एक उडवा. हाती येतं ‘नागपूरोड’. ‘नागपूर रेल्वे स्थानक’चं होतं ‘नागपूरेल्वे स्थानक’. वर्धा रोड, काटोल रोड मात्र शाबूत राहतात, त्यामुळे वरवर चाळणाऱ्याला यादी ठीक दिसते. आणि ज्यासाठी हा खटाटोप केला ते ‘नागपूर नागपूर’? जसंच्या तसं. जावास्क्रिप्टमध्ये तर बॅकस्लॅश-डब्ल्यूला देवनागरी दिसतच नाही. तिथे निदान नुकसान होत नाही.

यावर अर्धवट उपाय म्हणजे ([ऀ-ॿ]+) +\1 एवढंच लिहिणं; चौकटी कंसात युनिकोडचा सगळा देवनागरी पट्टा आहे. शब्दाच्या सीमा न बांधल्याने ‘आली होती ती गाडी’चं ‘आली होती गाडी’ होतं आणि ‘ती तीन वाजता निघाली’चं ‘तीन वाजता निघाली’. दोन्ही वाक्यं शुद्ध, त्यामुळे प्रूफ वाचणाऱ्यालाही सापडत नाहीत. ‘नागपूरोड’ परवडला, तो डोळ्यात तरी खुपतो. दोन्ही बाजू बांधूनच घ्या:

(?<![ऀ-ॣॱ-ॿ])([ऀ-ॣॱ-ॿ]+)(?: +\1)+(?![ऀ-ॣॱ-ॿ])

चौकटी कंसातल्या दोन पट्ट्यांमधली फट मुद्दाम ठेवली आहे. तिथे दंड आणि देवनागरी आकडे बसतात. ते घेतले तर दरपत्रकातल्या शेजारच्या दोन रकान्यांतलं ‘५० ५०’ही एक होतं. ॲ मात्र त्या फटीच्या पुढे येतो, म्हणून दुसरा तुकडा लागतोच, नाहीतर ‘ॲप’ फुटतं. (?: +\1) या गटापुढचं अधिक चिन्ह तिसऱ्यांदा-चौथ्यांदा आलेल्या शब्दासाठी.

‘वऱ्हाड वर्‍हाड’ ही जोडी याही पॅटर्नला सापडणार नाही. दिसायला दोन्ही सारखे, पण एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे आणि दुसऱ्यात र, हलन्त व न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. आधी सगळे दुसऱ्या प्रकारचे ‘ऱ्’ या पहिल्या रूपात बदलून घ्या, मगच जोड्या शोधा.

बॅकस्लॅश-एस वापरू नका, तो ओळ संपल्याची खूणही गिळतो आणि यादीतल्या दोन ओळी जोडल्या जातात. साधी स्पेस पुरते.

देवनागरी कळफलक चालू ठेवून \1 ऐवजी \१ टाइप केलं तर पायथन तक्रार करत नाही, निमूटपणे १ हा आकडा शोधत बसतो.

पायथनमध्ये अवतरणाआधी ‘आर’ विसरलात तर बदलीतला (सापडलेल्याच्या जागी घालायच्या मजकुरातला) \1 हा न दिसणारा नियंत्रण वर्ण होतो आणि शब्द गायब. जावास्क्रिप्टच्या बदलीत $1 लिहायचं असतं. गो भाषेच्या रेगेक्समध्ये \1 मुळात चालतच नाही. तिथे शब्द सुटे करून मागच्याशी ताडून बघा.

राहिला ‘सगळं बदला’ या बटणावर तुटून पडण्याचा सोस. मराठीत ‘कधी कधी’, ‘पुन्हा पुन्हा’, ‘जाता जाता’, ‘लाल लाल’ या चुका नाहीत. ‘दोन दोन पोळ्या’तला एक ‘दोन’ काढला तर अर्थच बदलतो. कोणतंही रेगेक्स हे ओळखणार नाही. आधी फक्त शोधा आणि सापडलेल्या जोड्या, किती वेळा आल्या त्यासह, वेगळ्या फाइलमध्ये काढा. ती यादी वाचून राखायचे शब्द वेगळे करा. पायथनच्या ‘सब’ला (शोधून बदलणाऱ्या आज्ञेला) बदलीच्या जागी फंक्शन देता येतं: शब्द राखीव यादीत असेल तर सापडलेला पूर्ण तुकडा परत करा, नसेल तर पहिला गट. ‘ते ते’, ‘जो जो’, ‘एक एक’ हेही यादीत टाका, पण तेवढ्यावर सोडू नका. ते कधी बरोबर असतात, कधी चूक; तेवढ्या ओळी हातानेच बघाव्या लागतात.