मुंबईत क्लेमॅटिस लावायची तर मोरवेल लावा

मुंबईत क्लेमॅटिसची वेल होते का, असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठली? बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एकच फोटो असतो. विलायती बंगल्याची विटांची भिंत आणि तिच्यावर बशीएवढी जांभळी फुलं. ती बहुधा जॅकमनी किंवा तिच्याच गोतावळ्यातली असते. इंग्लंडातल्या वोकिंग गावी जॅकमन यांच्या रोपवाटिकेत एकोणिसाव्या शतकात तयार झालेला हा संकर. हिवाळ्यात पानं गाळून गप्प बसायचं आणि थंडी सरली की उठायचं, हा तिचा शिरस्ता. आपल्याकडे तिला गप्प बसवणारी थंडी आहेच कुठे? सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंशांचा, आणि तोही १९६२ च्या जानेवारीतला. एरवी पहाटे सोळा अंश झाले तरी आपण कपाटातलं स्वेटर शोधायला लागतो. शिमल्या-मसुरीकडे फिरायला गेलेल्यांनी पांढरी-गुलाबी मोन्टाना जातीची क्लेमॅटिस बघितलेली असते. तिचीही तीच अडचण. वेल जगली तरी फुलायचं नाव घेत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘निळी क्लेमॅटिस, १०० बिया’ अशा पाकिटांवर तर पैसे घालूच नका. संकराच्या बीपासून आईसारखी फुलं येत नाहीत आणि मोठ्या फुलांच्या जातींचं बी उगवायला कधी कधी वर्ष-दोन वर्षंही घेतं. पाकिटावरचा फोटो बघायलाच बरा.

पण क्लेमॅटिसच्या काही जाती आपल्या सह्याद्रीच्याच आहेत. मोरवेल म्हणतात, कुणी रानजाई म्हणतं. गणपती झाल्यावर किंवा दिवाळीच्या आगेमागे लोणावळा, माथेरान, महाबळेश्वरच्या बाजूला झुडपांवर पांढऱ्या फुलांची चादर पसरलेली दिसते, ती पुष्कळदा हीच. या नावाखाली दोन-तीन जाती येतात. एकीची फुलं शुभ्र, दीड इंचाच्या आसपास, आणि पानं लवदार, तीन भागांत कापल्यासारखी. दुसरीची फुलं बारीक, मलईच्या रंगाची, पण घोसच्या घोस. ही दुसरी मोकळी सोडली तर झाडावर चढून पार शेंड्याला जाते. बाल्कनी असेल तर पहिली बघा, कंपाऊंडची भिंत असेल तर कुठलीही चालेल. पानं देठावर समोरासमोर जोडीने येतात आणि पानाचा देठच आधाराला वेढा घालतो. या दोन खुणा बघितल्याशिवाय रोप विकत घेऊ नका. रोपवाटिकेतला पोरगा मोरवेल म्हणून काहीही हातात देतो.

मी परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होतो. आता निवृत्त, मुलुंड पूर्वेला तळमजल्यावर राहतो. खिडकीपासून कंपाऊंडपर्यंत हात-दोन हात रुंदीची मातीची पट्टी आहे, ती सोसायटीने माझ्यावर सोडलेली आहे. त्यामुळे पुढे जे सांगतो त्यात मातीपेक्षा तारेचं पुराण जास्त निघेल, सवयीचा दोष.

बी, रोप आणि दाब

रोप देशी झाडं ठेवणाऱ्या रोपवाटिकेत मागून घ्यावं. बी जमवायचं तर गावाकडच्या बांधावरून, ओळखीच्या माणसाच्या कुंपणावरून. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलायचं नाही, तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते मूठभर बी का असेना. बी पौष-माघात पिकतं, प्रत्येकाला पांढरी पिसासारखी शेपटी असते. बी दाबल्यावर टणक लागलं तर भरलेलं, चपटं झालं तर पोकळ. शेपटी तोडून टाकली तरी चालते. बी जितकं ताजं तितकं बरं, म्हणून मिळालं की लगेच वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात अर्धा सेंटीमीटर खोल पेरा, सावलीत ठेवा, वरून फवाऱ्याने पाणी द्या. काही बिया आठवड्यांत डोकं वर काढतात, काही पाऊस पडेपर्यंत हलत नाहीत. म्हणून उगवलं नाही असं ठरवून मेमध्ये ट्रे रिकामा करू नका. बियांच्या रोपाकडून पहिल्या वर्षी फुलाची अपेक्षा धरू नये.

ओळखीत कोणाकडे वेल असेल तर बियांच्या भानगडीत पडायचंच नाही, दाब कलम करायचं. जुलैत गेल्या वर्षीची काष्ठ झालेली फांदी खाली वाकवायची, पेराखालची, म्हणजे पानं फुटतात त्या गाठीखालची, साल नखाने जराशी खरवडायची, तो पेर शेजारी ठेवलेल्या छोट्या कुंडीतल्या मातीत दाबायचा आणि वर दगड ठेवायचा. लांब फांदी असेल तर एक पेर जमिनीत, पुढचा वर, त्यापुढचा जमिनीत, अशी नागमोडी नेली की एकाच फांदीची चार रोपं होतात. ऑक्टोबरात हलकेच ओढून बघा. मातीने धरून ठेवलं असेल तर मूळ सुटलं, आईपासून तोडा. छाटकलमही होतं, पण मोरवेलीचं छाट दोन पेरांच्या मधोमध कापायचं असतं, पेराच्या बरोबर खाली नाही.

जागा आणि कुंडी

वरच्या अंगाला सकाळचं चार-पाच तास ऊन आणि मुळाशी गारवा, एवढं तिला पुरतं. पूर्वेची बाल्कनी उत्तम. पश्चिमेची असेल तर दुपारचं ऊन आणि जूनमधला तिरपा पाऊस दोन्ही थेट अंगावर येतात. तिथे कुंडी कठड्याच्या आतल्या बाजूला सरकवून ठेवा आणि वेल तेवढी बाहेर जाऊ द्या. मुळाशी गारव्यासाठी नारळाची सोडणं उलटी करून मातीवर पसरायची, किंवा बुंध्याशी ओव्याचं रोप लावायचं. मनी प्लांट लावू नका, तो घरजावई होऊन बसतो.

कुंडी किमान सोळा इंची, तेवढीच खोल. तळाला भोकं मोठी हवीत. आपल्याकडे रोपवाटिकेत मिळणारी लाल माती एकटी वापरली तर पावसात चिखल आणि मार्चमध्ये वीट. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि मूठभर नीमपेंड, असं मिश्रण करा. व्हिडिओत क्लेमॅटिसला चुना घाला असं सांगतात. मोरवेल महाबळेश्वरच्या जांभ्याच्या लाल मातीत वाढणारी, तिला चुन्याची गरज नाही.

जमिनीत लावणार असाल तर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा पुरे. फक्त भिंतीच्या अगदी पायाशी नको, तिथे बांधकामाची रेती, सिमेंट, फरशीचे तुकडे असं सगळं पुरलेलं असतं. एक फूट सोडून खणा आणि रोप भिंतीकडे तिरकं लावा. लावायची वेळ म्हणजे पहिले दोन-चार पाऊस झाल्यावर, जूनच्या मध्याला.

तार, सुतळी आणि ग्रिल

मोरवेलीला काकडीसारखे ताणे नसतात आणि जाईसारखी खोड पिळत ती चढत नाही. तिचा पानाचा देठ एखाद्या वस्तूला टेकला की तिच्याभोवती एक वेढा मारतो आणि मग कडक होतो. देठ असतो दोन-तीन इंचांचा. म्हणजे आधार पेन्सिलीपेक्षा जाड असला तर वेढा पुरा पडत नाही आणि वेल गळपटून खाली येते. बांबू, पीव्हीसीचा पाइप, खिडकीच्या ग्रिलचा चौकोनी बार, हे सगळं तिच्या दृष्टीने खांब. लोक हौसेने महागडी लाकडी जाळी आणतात आणि मग वेल चढत नाही म्हणून मातीला शिव्या देतात.

भिंतीवर मी सोळा गेजची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी, तार वापरतो, म्हणजे साधारण दीड मिलिमीटरच्या वर थोडी. भिंतीत ड्रिलने भोक पाडून प्लग, त्यात तीन इंच बाहेर राहील असा हूक. ही तीन इंचांची फट सोडायचीच. दुपारी भिंत तापते, तिला चिकटलेली पानं करपतात, आणि मागून वारा खेळला नाही तर पावसात भुरी आणि पिठ्या ढेकूण तिथेच घर करतात. उभ्या तारा सहा-सहा इंचांवर, आडव्या फूटभरावर. खालच्या टोकाला टर्नबकल लावला तर तार ढिली पडल्यावर दोन आटे फिरवून ताणता येते. टर्नबकल नसला तरी बिघडत नाही, पण मला ढिली तार बघवत नाही.

बाल्कनीत यातलं काही नको. ग्रिलच्या वरच्या बारपासून कुंडीपर्यंत साध्या तागाच्या सुतळ्या ताणून बांधा. सुतळी एका पावसाळ्यात कुजते, आणि तेच आपल्याला हवं असतं. कडक झालेला वेढा सोडवता येत नाही. छाटणीच्या वेळी वेलीसकट सुतळी कापून टाकायची आणि नवी बांधायची. नायलॉनची दोरी मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते आणि तिच्यातून वाळक्या काड्या काढता काढता जीव जातो.

कोवळा शेंडा सुरुवातीला हाताने तारेपाशी न्यावा लागतो. तो फार ठिसूळ, वाकवताना कट् करून मोडतो. दुपारी, वेल जराशी मलूल असते तेव्हा वाकवा. फूटभर वाढली की शेंडा खुडा, म्हणजे खालून दोन फुटवे निघतील. दोन वेळा खुडलं की वेल बुडापासून भरते, नाहीतर सगळी फुलं वरच्या मजल्याला आणि आपल्या वाट्याला काड्या.

वर्षाचं वेळापत्रक

जून ते सप्टेंबर ती धावते. या काळात काम एकच, पाणी साचू द्यायचं नाही. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, खालची ताटली काढून टाका. ताटलीतल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, पालिकेची माणसं घरोघर येऊन त्या तपासतात. रात्री मोठ्या आफ्रिकन गोगलगायी कोवळे फुटवे साफ करतात. टॉर्च घेऊन वेचणं हाच उपाय. मीठ टाकू नका, ते मातीत उतरतं. शेणखत जूनमध्ये एक घमेलं, ऑगस्टमध्ये अर्धं. युरिया दिला तर पानंच पानं.

फुलांचा खरा निकाल लागतो तो पाऊस गेल्यावरच्या पंधरवड्यात. चार महिने पाणी घालायची सवय सुटलेली असते, त्यात ऑक्टोबर हीट सुरू होते, आणि वेल नेमकी कळ्यांवर असते. तेव्हा पाणी चुकलं तर कळ्या तपकिरी होऊन गळतात आणि मग पुढच्या वर्षापर्यंत काही नाही. पाऊस थांबल्याच्या तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मुळाशी पाणी, बोट खुपसून दीड-दोन इंच ओल लागेल इतकं. याच दिवसांत पानांच्या मागे लाल कोळी येतो. नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला की तो बराच आटोक्यात राहतो. पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब भांडी घासायचा साबण, संध्याकाळी.

फुलाला पाकळ्या नसतात, पांढरी दिसतात ती निदलं, म्हणजे इतर फुलांत पाकळ्यांच्या खाली असतात ती हिरवी दलं. सुगंध मंद. पोयाच्या, म्हणजे नांगी नसलेल्या, बारीक मधमाश्या दिवसभर घोंघावतात. सोसायटीत कोणी पोळं होईल म्हणून तक्रार केली तर सांगा, या चरायला येतात, तुमच्या छज्जाला पोळं लावणाऱ्या या नव्हेत.

फुलं संपली म्हणून लगेच कात्री लावू नका. पुढचे दोन महिने त्या जागी रुपेरी पिसांचे झुबके धरतात, आणि माझ्या मते फुलांपेक्षा तेच देखणे. मात्र फेब्रुवारीत ते उडायला लागतात. वरच्या मजल्यावरच्या वहिनी गच्चीत साबुदाण्याच्या पापड्या घालतात, त्यांनी वरूनच हाक मारली होती, ‘भाऊजी, तुमच्या म्हाताऱ्या आल्या हो आमच्या पापड्यांवर!’ तेव्हापासून पापड्यांच्या दिवसांआधी मी झुबके उतरवून कागदी पिशवीत भरतो.

मार्च-एप्रिलमध्ये वेल मरगळते, पानं पिवळी पडतात. खत नको, फक्त एक दिवसाआड पाणी. मेच्या शेवटच्या आठवड्यात मोठी छाटणी. फुलं पावसातल्या नव्या वाढीवर येतात, त्यामुळे जमिनीपासून दोन फुटांवर, फुगलेल्या डोळ्यांच्या जोडीच्या जरा वर, बेधडक कापा. घरात कुरकुर होते, आमच्याकडे हिची दरवर्षी होते, पण न छाटलेली वेल खाली वाळक्या काड्यांचं जाळं होऊन बसते. हातमोजे घाला. मोरवेलीचा रस कातडीला लागला तर आग होते, फोडही येतात, आणि डोळ्याला हात गेला तर विचारू नका. कापलेलं कुत्र्या-मांजराच्या तोंडी लागू देऊ नका.

कुंडीतली वेल दर दोन वर्षांनी याच छाटणीच्या वेळी बाहेर काढून कडेची मुळं बोटभर कातरायची आणि नवी माती भरायची.

एवढं ऐकूनही ज्याला जांभळंच हवं, त्याने थंडीत रोपवाटिकेत विलायती रोप दिसलं तर शेवंतीसारखं मोसमी समजून घ्यावं, एप्रिलपर्यंत टिकलं तर नशीब. किंवा सरळ गोकर्ण लावावी. रंग तोच, आणि तिला मुंबईची हवा मानवते. जागा मोठी असेल तर पेट्रिया, जांभळ्या घोसांची वेल. तिला मात्र जाड मांडव लागतो, माझी सोळा गेजची तार तिच्या वजनाने वाकेल.