सिनेमा सुटल्यावर मुलांशी काय बोलायचं?

सिनेमा संपतो, थिएटरातले दिवे लागतात, आणि पायऱ्या उतरता उतरताच आई किंवा बाबा विचारतात, "मग, काय शिकलास यातून?" इथंच सगळं बिनसतं. ही तोंडी परीक्षा आहे हे मुलाला बरोबर कळतं. ते 'आईबाबांचं ऐकावं' छापाचं उत्तर देऊन मोकळं होतं, आणि विषय पॉपकॉर्नवर जातो.

आयुष्यात आधी काय आणि मग काय, हे मुलांशी बोलायला कौटुंबिक सिनेमा फार चांगलं निमित्त आहे. फक्त प्रश्न तात्पर्याचा नको, सोडून दिलेल्या गोष्टीचा हवा. अशा कथेत कुणीतरी एक गोष्ट राखायला दुसरी हातची सोडत असतं. ती दुसरी गोष्ट मुलानं स्वतः हुडकली की पुढचं बोलणं आपोआप होतं.

सिनेमा निवडताना नुसतं सेन्सॉरचं सर्टिफिकेट बघून भागत नाही. 2024 पासून यूए गटाचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांचे, 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झालेत, त्याचा उपयोग मारामारी आणि भाषेचा अंदाज यायला होतो. दुःख किती जड आहे, हे त्यावर लिहिलेलं नसतं. 'श्वास' (2004) मध्ये हिंसा नाही, शिवीगाळ नाही. पण डोळ्यांच्या कॅन्सरमुळं नातवाची दृष्टी जाणार हे आजोबांना कळतं, तो भाग आठ वर्षांच्या मुलाला रात्री झोपू देणार नाही. तो अकरा-बारानंतर दाखवा, आणि आधी स्वतः एकदा बघून घ्या.

सात-आठ वर्षांपासून पुढच्यांसाठी 'एलिझाबेथ एकादशी' (2014) घ्यावा. पंढरपूरचं घर, वडील नाहीत, कर्ज थकल्यामुळं आईचं विणकामाचं मशीन बँकेनं नेलेलं. ते सोडवायला पैसे हवेत आणि विकण्याजोगी वस्तू म्हणजे वडिलांनी बनवलेली सायकल. ती वाचवायला मुलं कार्तिकीच्या यात्रेत बांगड्या विकायला बसतात. यात कुणीच खलनायक नाही. आईचंही बरोबर आणि मुलांचंही बरोबर, म्हणून बोलायला भरपूर जागा मिळते.

एक कोरा कागद घ्या, मधोमध रेघ मारा. एका बाजूला 'राहिलं', दुसऱ्या बाजूला 'गेलं'. सायकल विकली तर काय राहतं, काय जातं, हे मुलालाच लिहू द्या. पहिली ओळ पटकन येते: मशीन राहिलं, सायकल गेली. मग थांबा, मिनिटभर काही बोलू नका. दुसरी ओळ त्या शांततेत येते: घर चालेल, पण बाबांची आठवण जाईल. "नवीन मशीन घ्यायचं ना!" असं उत्तर आलं तर हसू नका, "पैसे कुठून आणायचे?" एवढंच विचारा. नंतर कागद उलटा करून सायकल ठेवली तर काय, हेही लिहायला सांगा. दुसरी बाजू भरल्याशिवाय मुलाला आईचं म्हणणं कळत नाही, ते फक्त सायकलीच्या बाजूनं भांडतं.

बोलणं पंधरा-वीस मिनिटांच्या वर नेऊ नका. प्रश्न तीन पुरतात. तुला राग कुठं आला? आईकडे दुसरा मार्ग होता का? तिला काय सोडावं लागलं? 'काय आवडलं' यापेक्षा रागाच्या प्रश्नाला मुलं जास्त खरी उत्तरं देतात. प्रत्येक उत्तरावर "का?" लावलं की मात्र ती उलटतपासणी होते.

जागाही महत्त्वाची. समोरासमोर बसवून मुलं बोलत नाहीत. शेजारी बसून, दोघांची नजर रस्त्यावर असताना बोलतात. पुण्यात कोथरूडहून सिंहगड रस्त्याला परतताना रिक्षात किंवा पीएमपीच्या बसमध्ये हवा तेवढा वेळ मिळतो, ट्रॅफिकचा एवढा तरी फायदा करून घ्यावा. पहिली दहा मिनिटं गप्प राहा, सुरुवात मुलाला करू द्या. स्कूटरवर हा उद्योग करू नये. हेल्मेटमधून अर्धं ऐकू येतं आणि अर्ध्या वेळी तुम्ही हॉर्नवर चिडलेले असता. त्यापेक्षा वाटेत भेळ खायला थांबा. घरी सिनेमा लावायचा तर रविवारची रात्र टाळून सकाळ धरा, आणि मध्ये थांबवायचा तर एकदाच.

आता अवघड भाग, म्हणजे आपलं घर. हा त्याच रात्री काढू नका, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढा. बारा चिठ्ठ्या करा: ऑफिस, शाळा, क्लास, आजी-आजोबा, खेळ, झोप, मोबाइल, घरकाम, मित्रमैत्रिणी, व्यायाम, देवधर्म किंवा छंद, आणि एक कोरी. आपण आठवडा खरोखर कशावर घालवतो, त्या क्रमानं प्रत्येकानं त्या वेगळ्या लावायच्या. कसा घालवायला हवा हा क्रम नंतर. आधीच 'हवा' विचारलं तर सगळेच आजी-आजोबांना वर ठेवतात आणि खेळ तिथंच संपतो.

हिंजवडीला सकाळी आठला निघून रात्री आठला येणाऱ्या बाबांना इथं हमखास ऐकावं लागतं, "तुमचं तर ऑफिसच आधी असतं." यावर सफाई देऊ नका, आणि अपराधी वाटतंय म्हणून दुसऱ्या दिवशी खेळणंही आणू नका. त्याऐवजी एक रुपयाची दहा नाणी टेबलावर मांडा. हा पगार. घराच्या हप्त्याची नाणी बाजूला काढा, किराणा आणि बिलांची काढा, फीची काढा. उरलेली मुलाच्या हातात द्या आणि आजारपण, बचत, सहल यांत वाटायला सांगा. पगाराचा खरा आकडा सांगायची गरज नाही; सांगितलात तर तो संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोहोचलेला असेल.

एवढं झाल्यावर एक लहानशी गोष्ट खरोखर बदलावी लागते. समजा, मूल म्हणालं की शनिवारचा क्लास नको, त्या वेळात आजीकडे जाऊ. महिनाभर करून बघा, मग ठेवायचं की नाही ते मिळून ठरवा. सगळं ऐकून घेतलं आणि काहीच हललं नाही, तर पुढच्या खेपेला मूल चिठ्ठ्यांना हातही लावणार नाही.

आजी-आजोबा घरात असतील तर "आमच्या वेळी असं नव्हतं" याची तयारी ठेवा. त्यांना भाषणाऐवजी प्रश्न द्या. "आजी, तुम्हाला काय सोडावं लागलं?" शिक्षण, नोकरी, माहेरचं गाव, असं बरंच काही बाहेर येतं, आणि नातवंडं ते सिनेमापेक्षा लक्ष देऊन ऐकतात.

"बघ, तो मुलगा किती समजूतदार आहे" हे वाक्य पूर्ण बंद. "तुला सगळं आयतं मिळतं" हे त्याचं भावंड, तेही बंद. दोन्हींमुळं मूल पडद्यावरच्या मुलाचा राग करायला लागतं. चौदा-पंधराच्या पुढच्यांना सिनेमा त्यांनाच निवडू द्या, तुम्हाला भंकस वाटला तरी. वडिलांचा शब्द म्हणजे कायदा असलेला मसालापट वादाला उलट झकास असतो. त्यांनी वाद घातला तर तो लगेच जिंकायला जाऊ नका.

पुण्यातून गाव बदलायची वेळ आलेल्या घरांनी 'किल्ला' बघावा. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळं पुणं सोडून कोकणात आलेला मुलगा त्यात आहे. त्यानंतर "मित्र सुटतील त्याचं काय?" हा प्रश्न येणारच. "नवे मिळतील" हे उत्तर देऊ नका. कुठल्या दोन मित्रांशी फोन चालू ठेवायचा आणि सुट्टीत परत कधी यायचं, हे कॅलेंडरवर लिहा.

सिनेमा बघताना मूल रडलं तर विषय बदलू नका, चॉकलेट पुढं करू नका. शेजारी बसा. आई किंवा वडील गेलेले दाखवले असतील तर त्या रडण्यामागं बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: तुम्हाला काही झालं तर मी कुठं जाऊ? "असं काही होत नसतं" म्हणण्यापेक्षा नाव घेऊन सांगा: मावशीकडे, काकाकडे, जे तुम्ही ठरवलं असेल ते. ठरवलं नसेल तर पुढच्या सिनेमाआधी नवरा-बायकोनं बसून ते ठरवून टाका, आणि त्या मावशीला किंवा काकालाही विचारून ठेवा.