लातूरच्या उन्हाळ्यात दारिओ सांभाळायचा तर

दारिओ मासा घ्यायचाय ना? मग टाकीआधी डासांच्या अळ्यांची सोय बघा. दोन सेंटिमीटरचा हा मासा कोरडे दाणे समोरून बुडाले तरी नुसता डोळा फिरवून बघतो न् शेवाळात शिरतो. त्याला वळवळणारंच लागतं.

माझ्या झेरॉक्सच्या दुकानामागं एक घमेलं असतं. त्यात पाणी आणि मूठभर कडब्याचा चुरा. तीन-चार दिवसांत अळ्या दिसतात. मोठ्या अळ्या याच्या तोंडात मावत नाहीत, म्हणून पाणी चहाच्या गाळणीतून ओतायचं, खाली उतरेल ते सुती फडक्यात धरायचं. फडक्यावर राहतात त्या बारीक अळ्या, त्याच टाकीत. आठवडा व्हायच्या आत घमेलं रिकामं करून, कडा घासून उन्हात पालथं घाला. नाहीतर गल्लीला डेंग्यू वाटल्याचं पाप तुमच्या माथी. हौदातल्या अळ्या मात्र नकोत, तिथं फवारणीवाल्यांनी औषध टाकलेलं असू शकतं.

दुकानात मिळतो तो 'दारिओ दारिओ' (हे त्याचं शास्त्रीय नाव), ब्रह्मपुत्रेकडचा. हॅमिल्टन या शास्त्रज्ञानं १८२२ मध्ये नोंदवलेला. दारिओ ही वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मात्र कुलांडर आणि ब्रिट्झ या मत्स्यशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये केली. लाल पट्टेवाले ते नर. दुकानदार बहुतेक तेच आणतो. करड्या, फिक्या माद्या मुद्दाम मागून घ्या. छोट्या टाकीत एक नर, दोन माद्या बास. दोन नर घातले की भांडणं. गप्पी तर नकोच, अळ्या तेच मटकावतात.

खरं दुखणं मे महिन्याचं. याला २० ते २६ अंश मानवतं, आणि आपल्या पत्र्याखाली पाणी ३५ला जातं. टाकी कूलरच्या खोलीत, जमिनीवर ठेवा. झाकणाऐवजी जाळी, वरून छोटा पंखा पाण्यावर फिरता. त्यानं पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण आटतंही. आटलेलं भरायला बोरचं पाणी वापरू नका. पाण्याची वाफ होते, क्षार खालीच राहतात, रोज बोर ओतलं तर महिन्यात टाकी खारट. पावसाळ्यात पागोळीचं पाणी पिंपात धरून ठेवा (पहिला पाऊस सोडून द्या, पत्रा धुऊन जाऊ दे), नाहीतर आरओचं. बर्फ टाकणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

फिल्टर स्पंजचा, हवा मंद. लाईट गेली तरी एवढ्या कमी माशांचं काही अडत नाही. अंडी शेवाळात चिकटवतात आणि विसरतात, त्यामुळं पिल्लं हवी असतील तर शेवाळाचा तो गठ्ठा दुसऱ्या भांड्यात काढा.