पहिली सात मिनिटं कुणी बोलायचं नाही

हिंजवडीतल्या एका टीममध्ये बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून रुजू झाले आणि दुसऱ्याच स्प्रिंटला (काही आठवड्यांच्या कामाचा एक टप्पा) रेट्रो, म्हणजे त्या टप्प्यात काय जमलं, काय अडलं हे पाहायची बैठक, घ्यायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही नऊ जण, त्यातले चार घरून. मी मिरो या सगळ्यांना एकत्र लिहिता येणाऱ्या ऑनलाइन फळ्यावर कोरा बोर्ड उघडला, लिंक टाकली आणि म्हटलं, "सुचेल ते लिहा." बराच वेळ कर्सर नुसते फिरत राहिले. मग टेक लीड बोलायला लागला आणि त्याचेच मुद्दे बाकीच्यांच्या स्टिकीवर (बोर्डवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांवर) उतरले. तासाभरात २२ स्टिकी झाल्या, पण मुद्दे जेमतेम चार.

तुमच्याकडे हे काम नव्याने आलं असेल तर टूल कोणतं घ्यावं यात फार वेळ घालवू नका. सरावाला एक्सकॅलिड्रॉ पुरतं, त्याला लॉगिनही लागत नाही. ऑफिसात मिरो, फिगजॅम, जे असेल ते चालतं. खरी तयारी मीटिंगच्या आधीची असते, आणि त्यातला सगळ्यात मोठा भाग म्हणजे लोकांना गप्प बसून लिहायला वेळ देणं.

ट्युबिंगेन विद्यापीठातल्या डील आणि स्ट्रोबे या संशोधकांनी १९८७ मध्ये हेच दाखवलं होतं. गटात बसून मोठ्याने कल्पना मांडणाऱ्यांपेक्षा तितकीच माणसं वेगवेगळी बसली तर त्यांच्या मिळून जास्त कल्पना निघतात. मोठं कारण म्हणजे बोलायची पाळी येईपर्यंत थांबावं लागतं आणि तोवर डोक्यातलं निसटतं. बोर्डवर सगळे एकाच वेळी लिहू शकतात, पण कुणी बोलत नसेल तरच त्याचा फायदा.

पुढच्या रेट्रोला मी बोर्डवर वर मोठ्या अक्षरात एकच प्रश्न लिहिला: 'या स्प्रिंटमध्ये तुमचा वेळ कुठे वाया गेला?' चौकटी लॉक केल्या, नाहीतर कुणाच्या तरी माऊसने अख्खा तक्ता सरकतो. सात मिनिटांचा टायमर लावला आणि प्रायव्हेट मोड चालू केला, म्हणजे दुसऱ्याने काय लिहिलंय ते तेव्हा दिसत नाही. ही सोय तुमच्या टूलमध्ये नसेल तर प्रत्येकाने नोटपॅडमध्ये लिहून एकदम पेस्ट करावं.

सात मिनिटांनी बोर्ड खुला केला. कोपऱ्यात आमच्या टेस्टरची स्टिकी होती: 'स्टेजिंगचा डेटा तीन महिने जुना आहे. बग खरा आहे की डेटाच जुना, हे शोधण्यात रोजची सकाळ जाते.' स्टेजिंग म्हणजे सॉफ्टवेअर वापरात येण्याआधी तपासायची जागा. स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, ही टेस्टर फक्त 'काल हे केलं, आज हे करणार' एवढंच सांगायची. त्या स्टिकीला नऊपैकी सहा मतं पडली. दर रविवारी रात्री डेटा ताजा करायचं तिकीट, म्हणजे करायच्या कामाची नोंद, त्याच दिवशी निघालं.

स्टिकींचे गट करताना आधी शीर्षकं ठरवू नका. जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाने नेपाळमधल्या क्षेत्रकामाच्या नोंदी लावताना जी रीत वापरली, ती 'केजे पद्धत' म्हणून ओळखली जाते. सारख्या वाटणाऱ्या चिठ्ठ्या आधी जवळ आणायच्या, नाव शेवटी द्यायचं. आम्ही पूर्वी 'प्रोसेस', 'कम्युनिकेशन' असे रकाने आधीच आखायचो, मग लोक रकाने भरण्यापुरतंच लिहायचे. मराठीत लिहिलं तरी चालेल, हेही आवर्जून सांगा. आमच्याकडे त्यानंतर स्टिकी लांब आणि नेमक्या व्हायला लागल्या.

शेअर करताना लिंक 'फक्त पाहा' आहे की 'एडिट' ते दोनदा तपासा, आणि क्लायंटचा खरा डेटा बोर्डवर कधीच चिकटवू नका.

बोर्ड कायम राहील असंही धरून चालू नका. गुगलने जॅमबोर्ड हा आपला ऑनलाइन फळा ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केला. मी रेट्रो संपली की बोर्डची पीडीएफ टीमच्या फोल्डरमध्ये टाकते, आणि ज्या मुद्द्यांना मतं मिळाली त्यांची तिकिटं नाव आणि तारखेसकट कॉल संपायच्या आत काढते.