कोलॅजनचे क्लेम: पॅकेट मोजू नका

पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेच्या मेडिकेअरचे (तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचे) क्लेम करणाऱ्या नवख्यांना कोलॅजन, म्हणजे जखमेवर लावायची कोलॅजन या प्रथिनाची ड्रेसिंग, सोपं वाटतं. बिलाचे कोड मोजून सहा. ए६०२१, ए६०२२, ए६०२३ हे पॅडचे: १६ चौरस इंचांपर्यंत, त्यावर ४८पर्यंत आणि ४८च्या पुढे. माप ड्रेसिंगचं घ्यायचं, जखमेचं नाही. लेबल सेंटिमीटरमध्ये असेल तर १६ चौरस इंच म्हणजे साधारण १०३ चौरस सेंटिमीटर. १० बाय १० चा पॅड ए६०२१मध्ये बसतो, १० बाय ११ चा ए६०२२मध्ये जातो.

खरी मेख ए६०१० (जखमेत भरायचा कोरडा फिलर, म्हणजे पावडर वगैरे) आणि ए६०११ (जेल, पेस्ट) यांत आहे. इथे एक युनिट म्हणजे एक ग्रॅम कोलॅजन. पॅकेट नाही, ट्यूब नाही, ट्यूबवर ठळक छापलेलं वजनही नाही. समजा ट्यूब ३० ग्रॅमची आहे आणि आत कोलॅजन ६ ग्रॅम, युनिट ६. ३० टाकलीत की बिल पाचपट! क्लेम पास झाला म्हणून हुरळू नका, ऑडिटमध्ये वसुली निघते. उलट ट्यूब एक म्हणून १ युनिट टाकलं तर सप्लायरचे पैसे बुडाले. कोलॅजनचा आकडा लेबलवर दिसत नसेल तर क्वेरी टाका, अंदाज नको. सीनियरकडून आलेल्या एक्सेल शीटवर तर मुळीच विसंबू नका. त्यात निम्म्या वेळा पॅकेटच मोजलेली असतात.

ए६०२४ला (दोरीसारखा फिलर) दर ६ इंचांना एक युनिट. १२ इंचांची एक दोरी म्हणजे २.

मॉडिफायर (कोडला जोडायची खूण) ए१ ते ए९ जखमांच्या संख्येवर, पण ते ड्रेसिंग ज्या जखमांवर वापरलं तेवढ्याच मोजायच्या. पेशंटला चार जखमा, कोलॅजन दोनवर, तर ए२. हे आठवडाभरात हाताला बसतं, घाबरू नका.

चार्टमध्ये जखमेवर शस्त्रक्रिया किंवा डिब्राइडमेंट (मृत भाग काढणं) झाल्याची नोंद शोधा. शिवाय जखम पूर्ण जाडीची (त्वचेच्या सगळ्या थरांतून खोल गेलेली), किंवा स्राव कमी ते मध्यम, किंवा भरणं थांबलेली, असं काहीतरी हवं. भरपूर स्राव, थर्ड डिग्री भाजणं, सक्रिय व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांचा दाह) यांपैकी काही दिसलं तर कोलॅजन कव्हर होत नाही. एक पॅड सात दिवसांपर्यंत राहू शकतो, तेव्हा एका जखमेला महिन्याला ३० पॅड दिसले की आधी ऑर्डर उघडा. आणि पेशंट होम हेल्थ एपिसोडमध्ये (एजन्सीकडून घरी नर्सिंग वगैरे सेवा चालू असण्याच्या काळात) असेल तर सप्लायरचा वेगळा क्लेम पाठवूच नका. ड्रेसिंगचे पैसे एजन्सीच्या रकमेतच धरलेले असतात.