सपाट पृथ्वीवाल्या मित्राशी वाद घालताना या चुका टाळा

या वादात पृथ्वी गोल मानणारेच बहुतेक वेळा गप्प बसतात. पुरावा त्यांच्या बाजूने असतो, पण समोरच्याला दोन मिनिटांत गार करायची घाई नडते.

सगळ्यात जास्त घोळ जहाजावरून होतो. 'दूर जाणाऱ्या जहाजाचा आधी तळ दिसेनासा होतो' हे शाळेत पाठ केलेलं असतं, पण स्वतः बघितलेलं नसतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ओळखीचा एक मुलगा मित्राला हे दाखवायला घेऊन आला होता. एका होडीकडे बोट दाखवून म्हणाला, "बघ, बुडाली." मित्राने झूमचा कॅमेरा लावला, तर अख्खी होडी पडद्यावर! मुलाचा चेहरा पडला आणि विषय तिथेच संपला. ती होडी क्षितिजाच्या अलीकडेच होती, फक्त लहान दिसत होती. वाळूत उभ्या माणसाचं क्षितिज साडेचार-पाच किलोमीटरवर असतं. मी आधी झूम लावतो आणि झूममध्येही तळ नसलेलं मोठं जहाज सापडेपर्यंत थांबतो, कधी तासभर. मग मित्राला घेऊन टेकडी चढायची. ५० मीटर उंचीवरून क्षितिज २५ किलोमीटरवर जातं, आणि झूमने न दिसलेला तळ दिसू लागतो. चढायचा कंटाळा असेल त्याने जहाजाचा विषयच काढू नये.

पाण्यालगत डोळा ठेवूनही बघू नका. तिथली हवा प्रकाश वाकवते, त्यामुळे क्षितिजापलीकडचंही दिसू शकतं. इंग्लंडमध्ये १८३८ साली सॅम्युअल रोबोथमने बेडफर्डच्या कालव्यात असंच बघून पृथ्वी सपाट ठरवली होती.

त्याच कालव्यावर १८७० मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसने ५०० पौंडांची पैज घेतली. डार्विनच्या काळात उत्क्रांती मांडणारा तोच हा वॉलेस, मुळात जमीनमोजणी शिकलेला. एकमेकांपासून सहा मैलांवरच्या दोन पुलांमध्ये त्याने सारख्याच उंचीवर खुणा लावल्या, पाण्यापासून चांगल्या तेरा फूट वर. दुर्बिणीतून मधली खूण वर उचललेली दिसली, म्हणजे मध्ये पाण्याला फुगवटा होता, आणि पंचाने निकाल वॉलेसच्या बाजूने दिला. पण पैजेत समोर असलेल्या, पृथ्वी सपाट मानणाऱ्या जॉन हॅम्पडेनने तो मानलाच नाही. बदनामीची पत्रं, वॉलेसच्या बायकोला धमकी, कोर्टकज्जे, असं वर्षानुवर्षं चाललं. हॅम्पडेन तुरुंगात गेला तरी थांबला नाही, आणि पैजेचे पैसेही वॉलेसला शेवटी सोडावे लागले. म्हणून मित्राशी पैज लावू नका, चहाचीसुद्धा नाही. पैज लागली की माणूस बघायचं सोडून जिंकायला बसतो.

विमानाच्या खिडकीतला फोटो दाखवू नका, काच आणि लेन्स दोन्ही रेषा वाकवतात. नासाचे फोटोही नकोत, त्याचा नासावरच विश्वास नाही. 'पूर्वी सगळे सपाटच मानायचे' हे तर साफ चूक. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्येच पृथ्वी गोल सांगितली आहे. आणि त्याला वेड्यात काढू नका, तो मित्र आहे.

मला स्वतःला अगस्त्य तारा सगळ्यात भरवशाचा वाटतो. पृथ्वी सपाट असती तर इतका दूरचा तारा सगळ्या गावांतून जवळपास सारख्याच उंचीवर दिसला असता. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास तो दक्षिणेला सर्वात उंच येतो. हात ताठ करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची. पुण्यात अगस्त्य जवळजवळ दोन मुठी वर दिसतो, दिल्लीत एक मूठही भरत नाही, कन्याकुमारीला तीन मुठींच्या आसपास. दिल्लीत मित्राचा कोणी नातेवाईक असेल तर फोन त्यालाच लावू द्या. आणि फोन लावण्याआधी त्याच्या सपाट पृथ्वीवर किती मुठी यायला हव्यात, ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.